आई-वडील गेल्यावर त्यांची आठवण जपायची असेल तर आधी त्यांचा फोन चार्जिंगला लावा

आई किंवा वडील गेले की थोड्या दिवसांत कोणीतरी विचारतंच, मग आता त्यांच्या नावाने काय करणार? आणि आपल्या डोक्यात एकदम मोठंच काहीतरी येतं, देणगी द्यायची, नावाचा बाक ठेवायचा, आठवणींचं पुस्तक छापायचं, आणि तेवढे पैसे नसतात म्हणून सगळंच राहून जातं. माझं म्हणणं असं आहे की यात पैशाचा प्रश्न कमी आणि वेळेचा जास्त आहे. काही गोष्टी आपल्या नकळत नाहीशा होत असतात आणि काही दहा वर्षांनी केल्या तरी चालतात, आपण मात्र बरोबर उलटं करतो, भारीतली फ्रेम आधी आणि त्यांच्या फोनमधला आवाज नंतर कधीतरी. म्हणून खालचा क्रम जे आधी जाणार ते आधी असा आहे. सगळं करायची अजिबात गरज नाही, दोन-तीन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ झालं, आणि जवळजवळ सगळं फुकटात होण्यासारखं आहे.

आवाज आणि फोन

त्यांचा फोन लगेच फॉरमॅट करून कोणाला देऊन टाकू नका आणि सिम बंद करायचीही घाई करू नका. नंबर रिचार्ज न करता पडून राहिला तर कंपनी काही काळाने तो दुसऱ्याला देते, आणि त्यांचा मेल, बँक, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात त्यामुळे नंतर काहीच उघडता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंट साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही की डिलीट होतं. गुगलने २०२३ पासून नियम केलाय की दोन वर्षं न वापरलेली पर्सनल अकाउंट काढून टाकता येतील, म्हणजे त्यातले मेल गेले आणि फोटोही गेले. फेसबुकवर मात्र प्रोफाइल तसंच ठेवून ते स्मृती-प्रोफाइल करून घेता येतं, घरच्यांपैकी कोणीही त्यासाठी रिक्वेस्ट टाकू शकतं.

आता तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये बघा, कारण खरा खजिना तिथेच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या चॅटमध्ये मागे मागे जात राहा आणि सापडतील त्या व्हॉइस नोट एकेक करून ड्राइव्हवर किंवा स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा. एक्सपोर्ट चॅटचा ऑप्शन आहे आणि तो वापराच, पण चॅट खूप मोठं असेल तर जुना मीडिया त्यात येत नाही म्हणून महत्त्वाचं हाताने काढलेलं बरं. व्हॉइस नोटच्या फाइलच्या नावापुढे बहुतेक वेळा ओपस असं लिहिलेलं असतं, साध्या प्लेअरमध्ये चालली नाही तर व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेअरमध्ये चालते. आणि निवडताना वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरे शोधत बसू नका, "पोचलीस का, पोचल्यावर फोन कर, आणि छत्री विसरलीयेस बघ" असली नऊ सेकंदांची नोटच पुढे सगळ्यात जास्त ऐकली जाते, माझ्याकडे बाबांच्या अशाच आहेत आणि त्यात मागे टीव्ही चालू आहे तोसुद्धा मला आता हवा असतो.

दुसऱ्यांचे व्हिडिओ पण मागा. समारंभाच्या व्हिडिओत ते कॅमेऱ्यासमोर ताठ उभे असतात आणि काही बोलत नाहीत, पण भाच्याच्या पहिल्या पावलांच्या व्हिडिओत मागून कोण हसतंय? तेच. नातेवाईकांच्या ग्रुपवर नुसतं "कोणाकडे काही असेल तर पाठवा" म्हणून काहीच येत नाही, प्रत्येकाला वेगळा मेसेज करा आणि अमुक ट्रिपचे व्हिडिओ आहेत का असं नेमकं विचारा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप दाबून दाबून क्वालिटी घालवतं.

घरात जुन्या ऑडिओ कॅसेट असतील तर त्यांचीही वेळ भरत आलीये. पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे छोटे चौकोन असतात ते तोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आत टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट प्लेअरमध्ये घालूच नका, बाकीच्या कॅसेटही खराब होतील. बाकी ठीक असेल तर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या, प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडा आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात रेकॉर्ड करा. ६० मिनिटांची कॅसेट म्हणजे ६० मिनिटं जाणारच, यात शॉर्टकट नाही, पण एखाद्या रविवारी लावून ठेवून बाकीची कामं करता येतात.

एक सांगून ठेवते, फोन उघडला म्हणून त्यातलं सगळं वाचायलाच हवं असं नाही. जे त्यांनी जिवंतपणी दाखवलं नसतं ते आता बघून कोणाचंच भलं होत नाही. फोटो, आवाज, नंबर घ्या आणि बाकीचं सोडून द्या. आणि हातासरशी स्वतःचंही करा, गुगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, आयफोनवर लेगसी काँटॅक्ट आहे, आपल्यानंतर आपलं अकाउंट कोणाला उघडता येईल ते त्यात ठरवता येतं, आणि ही सेटिंग माणूस असतानाच करावी लागतात.

ज्यांना ते आपल्याआधीपासून माहीत होते

आवाजानंतर माणसं. तुमच्या जन्माआधीचे तुमचे आई-वडील कसे होते हे सांगू शकणारे लोक जगात मोजके असतात आणि ते सगळे वयस्कर असतात, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. भावंडं, शाळेतली मैत्रीण, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस, जुने शेजारी.

भेटायला गेलात की "त्यांच्याबद्दल काहीतरी सांगा ना" असं म्हणू नका. त्याचं उत्तर "फार चांगला माणूस होता हो" असंच येतं आणि तिथेच संपतं. बारीक विचारा. तो चिडला की काय करायचा? पहिला पगार कशात उडवला? परीक्षेत कधी नापास झाला होता का? तिला कोणाची नक्कल चांगली करता यायची? तुमचं भांडण कशावरून झालं होतं? भांडणाचा प्रश्न जरूर विचारा, माणूस खुलतो. दोन-चार जुने फोटो बरोबर न्या आणि हातात द्या, फोटोतल्या कडेला उभ्या असलेल्या माणसावरूनच अर्धा तास गप्पा होतात.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मध्येच कॉल येऊन सगळं कट होतं, पंखा बंद करा, आणि फोन टेबलावर नुसता न ठेवता खाली घडी घातलेला रुमाल ठेवा कारण टेबलावर कप आपटल्याचा आवाज फार मोठा येतो. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव तुम्हीच बोला. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स नावाची संस्था २००३ पासून साध्या माणसांची एकमेकांशी झालेली बोलणी रेकॉर्ड करतेय आणि त्यांचं एक सेशन ४० मिनिटांचं असतं, वयस्कर माणसाच्या दृष्टीने हा अंदाज मला बरोबर वाटतो, त्याच्या पुढे दमतात. मधे मधे "नाही काका, ते साल वेगळं होतं" असं दुरुस्त करू नका. दोघांनी एकच किस्सा दोन तऱ्हांनी सांगितला तर दोन्ही ठेवा, कोणाचं खरं हे ठरवायला आपण कोर्ट नाही.

कोणाशी बोलणं शक्य नसेल, तुम्हालाच रडू येतंय, तर पोस्टाने किंवा मेसेजवर एकच प्रश्न पाठवा. एका वेळी एकच. दहा प्रश्नांची यादी पाठवली की समोरचा "निवांत लिहितो" म्हणतो आणि ते निवांत कधी येत नाही.

कागद आणि फोटो

फोटो अचानक जात नाहीत, हळूहळू जातात, त्यामुळे इथे थोडी उसंत आहे. पण एका प्रकारच्या अल्बमकडे लवकर बघा, ज्याच्या पानांना चिकट पट्टे असतात आणि वर प्लास्टिकचा कागद असतो तो. तो गोंद वर्षांनुवर्षं फोटोला खातो. आधी प्रत्येक पानाचा आहे तसा फोटो काढून घ्या म्हणजे कोणता कशाशेजारी होता ते राहील, मग दात साफ करायचा दोरा म्हणजे फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूच पुढे-मागे करत न्या. निघाला तर ठीक, नाही निघाला तर ओढायचा नाही, पानासकट स्कॅन करायचा. तसंच फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका, काचेसकटच स्कॅन करा.

स्कॅनर असेल तर नेहमीच्या साइजच्या प्रिंटला ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक होतो त्याचं माप) चालतं, छोटा पासपोर्ट फोटो पुढे मोठा करायचा असेल तर ६०० ठेवा. स्कॅनर नसेल तर अडून बसू नका. फोटो जमिनीवर खिडकीपाशी ठेवा, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, फोन बरोबर वरून सपाट धरा, झालं. फाइलला नाव देताना साल आधी मग प्रसंग मग माणसं, साल माहीत नसेल तर अंदाजे दशक. आणि फोटोत कोण कोण आहे हे डावीकडून क्रमाने लिहा, ते लिहिणारी एकच आत्या उरलेली असते प्रत्येक घरात, तिच्याकडे बसून हे काम करा.

मूळ फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घ्या आणि कडेला लिहा, गुळगुळीत नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही तेव्हा पाकिटावर लिहा आणि लिहून झाल्यावर फोटो आत घाला. पत्र किंवा कात्रण लॅमिनेट तर कधीच करू नका, उष्णता आणि गोंद एकदा बसला की परत येत नाही. थर्मल कागदावरची छपाई, म्हणजे दुकानाच्या बिलासारखी, आपोआप पुसट होते, तिची कॉपी लगेच काढा.

आणि स्कॅन केलेलं सगळं एकाच हार्डडिस्कवर ठेवून निश्चिंत होऊ नका. बॅकअपचा जुना नियम आहे, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. बहिणीच्या घरी एक पेनड्राइव्ह ठेवला की घराबाहेरची कॉपी झाली.

मला विचाराल तर फोटोपेक्षा अक्षर जास्त जिवंत वाटतं. हिशोबाची वही, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, कॅलेंडरवर "गॅस लावला" अशी नोंद, पुस्तकाच्या कडेला मारलेली रेघ आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. असं एक पान निवडा आणि चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती फ्रेम करा, ओरिजिनल फाइलमध्ये अंधारात ठेवा. बहुतेक शाई उजेडात फिकी पडते आणि भिंतीवर तर उजेडच असतो. आईच्या हातची रेसिपी लिहायची असेल तर तिच्याच चमच्याने, तिच्याच वाटीने मोजा, आणि एकदा ती वाटी वजनकाट्यावर ठेवून किती ग्रॅम भरतं ते लिहून ठेवा, कारण ती वाटी एक दिवस फुटणार आहे.

कपडे, घड्याळ, पेन

सगळं ठेवलं की काहीच बघितलं जात नाही, कपाट नुसतं बंद राहतं. मी तर म्हणेन हातात मावतील एवढ्याच वस्तू ठेवा आणि त्या वापरा.

कपड्याबद्दल आधी वासाचं. वासाचा मेंदूतला रस्ता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे शर्टाचा वास आला की माणूस समोर उभा राहतो हे काही मनाचे खेळ नाहीत. तर एक वापरलेला कपडा, न धुतलेला, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, त्यात डांबरगोळी घालू नका कारण मग उरतो तो डांबरगोळीचाच वास. वास हळूहळू जाणारच आहे, पिशवी त्याला फक्त थोडा उशीर करते, तेव्हा सारखी उघडू नका पण घाबरून कधी उघडलीच नाही असंही नको. बाकीचे ठेवायचे कपडे मात्र धुऊनच ठेवा, लोकर आणि रेशीम खाणाऱ्या किड्यांना घामाचे आणि खाण्याचे डाग फार आवडतात.

बटणाच्या शर्टाची उशी करता येते आणि शिवणाचं फारसं येत नसलं तरी जमते. शर्टाची सगळी बटणं लावा, शर्ट उलटा करा, सपाट पसरा, काखेच्या खाली जेवढा मोठा चौकोन बसतो तेवढा खडूने आखा, उशी लहान घेतलीत तर अजून सोपं. दोन्ही थर एकत्र कापा आणि चारही बाजू शिवा, हाताने शिवलं तरी चालतं, टाके बारीक घ्या. मग बटणं उघडून सुलटं करा आणि त्याच बटणपट्टीतून उशी आत घाला. चेन लावायची भानगड नाही, बटणपट्टीच उशीचं तोंड होते. खिसा चौकोनात येईल असं बघा, मुलं त्यात चिठ्ठ्या ठेवतात.

घड्याळ बंद पडलं असेल तर त्यातली संपलेली बॅटरी काढून घ्या, ती गळली की आतलं मशीन खराब होतं. शाईचं पेन वाळून दगड झालं असेल तर साध्या किंवा कोमट पाण्यात निब रात्रभर बुडवून ठेवा, गरम पाणी नको, पाणी निळं येतंय तोपर्यंत बदलत राहा. मग ते पेन शोकेसमध्ये ठेवू नका, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर, घराच्या करारावर, जिथे जिथे सही करायची तिथे त्याच पेनाने करा. चष्मे पडून असतील तर लायन्स क्लब जुने चष्मे गोळा करून गरजूंना देतात, आणि श्रवणयंत्र असेल तर तेही कोणाच्या कामी येतं का विचारून बघा. पुस्तकं वाचनालयाला द्यायची तर आधी विचारा कोणती हवीत, पोतं भरून नेऊन टाकू नका, बिचारे नाही म्हणू शकत नाहीत.

त्यांनी लावलेलं झाड असेल तर त्याची फांदी घ्या. मनी प्लांटसारख्याचं अगदी सोपं आहे, पानाजवळ जी गाठ असते तिच्या जरा खाली कापायचं, खालची पानं काढायची, गाठ पाण्यात राहील असं बाटलीत ठेवायचं, पाणी अधूनमधून बदलायचं, मुळं बोटभर झाली की मातीत. भावंडांना प्रत्येकी एक द्या, म्हणजे एकाकडचं मेलं तरी झाड राहतं. स्नेक प्लांटचं मात्र लक्षात ठेवा, पिवळ्या कडेच्या जातीचं पान कापून लावलं तर नवीन रोपाची पिवळी कड जाते आणि ते सगळं हिरवं येतं, तसंच हवं असेल तर मुळासकट फुटवा वेगळा करावा लागतो.

भावंडांत वस्तूंवरून तणाव होतो हे गृहीत धरा. आमच्याकडे साधं ठरलं, ओरिजिनल एकाकडे आणि स्कॅन सगळ्यांना, आणि ज्या वस्तूवर दोघांचा जीव आहे ती वर्षाआड फिरते.

तारखा आणि त्यांची कामं

गेल्याची तारीख मनात असतेच, तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. वाढदिवसाला काहीतरी ठरवा, आणि असं ठरवा जे ताप असतानाही करता येईल, नाहीतर दुसऱ्याच वर्षी बंद पडतं. त्यांच्या एका मित्राला फोन. त्यांच्या आवडत्या रस्त्याने एक चक्कर. ज्यांना जमतं त्यांनी रक्तदान, लाल पेशी साधारण ४२ दिवस आणि प्लेटलेट पाच-सात दिवसच टिकतात म्हणून रक्तपेढीला आडदिवशी आलेला माणूसही हवाच असतो, अर्थात अंगात ताप नसेल तेव्हा, त्या वर्षी पूर्ण बरं वाटेपर्यंत पुढे ढकला.

त्याहून मला आवडतं ते म्हणजे त्यांचं एखादं काम पुढे चालवणं. प्रत्येकाचं एक बिनपगारी काम असतं, जिन्यातला दिवा गेला की बदलणं, गल्लीतल्या मांजरासाठी पाणी ठेवणं, एकट्या राहणाऱ्या शेजारणीची चौकशी करणं, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणं. ते गेल्यावर ते काम थांबलेलं असतं आणि कोणी बोलत नाही. कोणतं ते शोधा आणि घ्या, कोणाला सांगायचीही गरज नाही.

इथे हेही लिहायला हवं की सगळ्यांचे आई-वडील प्रेमळ नसतात. संबंध बरे नसतील तर वरचं काहीही करायचं बंधन तुमच्यावर नाही. एखादीच चांगली गोष्ट त्यांच्याकडून आली असेल, सायकल दुरुस्त करायला शिकवलं असेल, तर तेवढीच ठेवा आणि बाकीचं मोठं करून सांगू नका.

राहता राहिलं अर्धवट काम. अर्धा विणलेला स्वेटर, निम्मी शिवलेली गोधडी, हे कपाटात सापडतं तेव्हा फार जड जातं. तुम्हाला विणता येत नसेल तर ओळखीत कोणाला विचारा. विणकाम करणाऱ्या दोघी मैत्रिणींनी २०२२ मध्ये अमेरिकेत लूज एंड्स नावाचं काम सुरू केलं, गेलेल्या माणसाचं अपुरं राहिलेलं हातकाम स्वयंसेवक मेहनतीचे पैसे न घेता पूर्ण करून देतात, आणि आता बऱ्याच देशांत त्यांची माणसं आहेत. कोणाकडेही द्यायच्या आधी एवढं करा, लोखंडी सुया असतील तर गंजाचे डाग पडतात म्हणून टाके जाड दोऱ्यावर ओवून घ्या आणि सुया बाजूला काढा, सुईचा नंबर, उरलेली लोकर, लोकरीवरचं लेबल आणि नमुन्याचा कागद सगळं एकाच पिशवीत ठेवा, आणि स्वेटर कोणासाठी चालला होता ते माहीत असेल तर तेही चिठ्ठीवर लिहा म्हणजे माप काढता येतं.